औषधाचा त्रास झाला, तर कळवायचं का, कुठे आणि कसं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

औषधांच्या दुष्परिणामांच्या नोंदी वाचणं आणि अर्धवट राहिलेल्या नोंदींसाठी लोकांना फोन करून राहिलेली माहिती विचारणं, हे माझं रोजचं काम. फोनवर लोक मलाही प्रश्न विचारतात आणि ते बहुतेक वेळा तेच असतात. म्हणून त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. काही प्रश्नांना एक ओळ पुरते, काहींना पुरत नाही.

प्रश्न : "औषध मानवलं नाही" असं आपण म्हणतो. दुष्परिणाम म्हणजे तेच का?

बऱ्याचदा तेच. अडचण अशी की "मानवलं नाही" म्हटलं की आपल्या लेखी विषय संपतो. गोळी बदलून मिळते, पुरळ जातं आणि झालेली गोष्ट घराबाहेर कुणालाच कळत नाही. औषध ठरलेल्या मात्रेत घेऊनही शरीराला नको असलेलं काही झालं, तर तो दुष्परिणाम. मग ती मळमळ असो, अंगावर उठलेल्या गांधी असोत, घेरी असो, झोप उडणं असो, नाहीतर रक्ताच्या तपासणीत यकृताचे आकडे अचानक वाढणं असो.

हे त्रास ढोबळमानाने दोन प्रकारचे असतात. पहिला प्रकार औषधाच्या नेहमीच्या कामातूनच येतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळीने हिरड्यांतून रक्त येतं, साखर कमी करणाऱ्या गोळीने साखर जरा जास्तच उतरते. हे बरंचसं आधी ओळखता येतं आणि मात्रा कमी केली की आवरतंही. दुसऱ्या प्रकाराचा औषधाच्या ठरलेल्या कामाशी संबंध दिसत नाही. तो मोजक्याच लोकांना होतो आणि कुणाला होईल हे सहसा आधी सांगता येत नाही. अ‍ॅलर्जीच्या तीव्र प्रतिक्रिया याच गटातल्या. दोन्ही प्रकार कळवण्याजोगे आहेत, पण दुसरा कळला नाही तर नुकसान फार मोठं.

प्रश्न : हे औषधामुळेच झालं याची मला खात्री नाही. तरीही कळवू का?

हो. या पानावरचं एकच उत्तर लक्षात ठेवणार असाल, तर हे ठेवा. संशय पुरेसा आहे. खात्री करून घेणं तुमचं काम नाही. ते तुमच्या डॉक्टरांनाही बहुतेक वेळा एका रुग्णावरून करता येत नाही.

याचं कारण साधं आहे. औषध घेणारा माणूस मुळात आजारी असतो. त्याला आलेली चक्कर आजाराची, औषधाची, उपाशी राहिल्याची की जागरणाची, हे त्या एका चकरेवरून ठरत नाही. पण तीच गोळी घेणाऱ्या, एकमेकांना कधीही न भेटलेल्या चाळीस लोकांनी "गोळी सुरू केल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी चक्कर आली" असं कळवलं, तर त्या चाळीस नोंदी एकत्र वाचणाऱ्याला काहीतरी दिसू लागतं. तुमची नोंद त्या चाळिसांतली एक. तुम्ही खात्रीची वाट पाहत थांबलात, तसेच बाकीचे एकोणचाळीसही थांबले, तर कुणालाच काही दिसणार नाही.

प्रॅक्टोलॉल या औषधाचं नेमकं असंच झालं. हृदयविकारासाठीचं हे औषध १९७० साली ब्रिटनमध्ये बाजारात आलं. काही रुग्णांचे डोळे कोरडे पडू लागले, डोळ्यांची आग होऊ लागली, काहींची दृष्टी अधू झाली. काहींच्या त्वचेवर चट्टे आले, काहींच्या पोटातल्या आवरणाला जाड थर चढला. दुष्परिणाम कळवायची सोय त्या देशात तेव्हा होती. पण हृदयाची गोळी आणि कोरडे डोळे यांची सांगड कोण घालणार? डोळ्यांच्या डॉक्टरांना रुग्णाची हृदयाची गोळी ठाऊक नव्हती आणि हृदयाच्या डॉक्टरांपर्यंत डोळ्यांची तक्रार पोचत नव्हती. १९७४ च्या सुमारास एका नेत्रतज्ज्ञाच्या हे ध्यानात आलं. त्याने ते जाहीर केल्यावर आधीच्या काळातल्या शेकडो घटना मागाहून कळवल्या गेल्या. म्हणजे त्या घडल्या होत्या, लोकांनी सोसल्या होत्या, फक्त कळवलेल्या नव्हत्या.

प्रश्न : औषध बाजारात येण्याआधी तपासलेलं असतंच ना?

असतं, आणि कसून तपासलेलं असतं. पण त्या तपासणीच्या मर्यादा समजून घ्यायला हव्यात, कारण तुमच्या नोंदीची गरज तिथेच सुरू होते.

परवानगीपूर्वीच्या चाचण्यांत बहुतेक औषधं काहीशे ते काही हजार लोकांना दिली जातात. समजा एखादा त्रास १०,००० लोकांत एकाला होतो. तो चाचणीत निदान एकदा तरी दिसेल याची ९५ टक्के खात्री हवी असेल, तर सुमारे ३०,००० लोकांना औषध द्यावं लागेल. ३,००० लोकांच्या चाचणीत असा त्रास एकदाही न दिसणं अगदी स्वाभाविक आहे. शिवाय चाचणीत निवडलेले लोक वेगळे असतात. गरोदर स्त्रिया बहुधा वगळलेल्या, फार वयस्कर माणसं कमी, एकाच वेळी पाच आजार आणि आठ गोळ्या असलेला माणूस तर जवळपास नाहीच. चाचणी काही आठवडे किंवा महिने चालते, आणि औषध मात्र लोक वीस-वीस वर्षं घेतात.

रोटाव्हायरसच्या जुलाबावरच्या पहिल्या लसीची गोष्ट मी नव्या सहकाऱ्यांना नेहमी सांगते. १९९८ च्या ऑगस्टमध्ये तिला अमेरिकेत परवानगी मिळाली. चाचण्यांत लस दिलेल्या सुमारे १०,००० बाळांपैकी पाच जणांच्या आतड्यात आतडं शिरून अडकलं होतं, आणि लस न दिलेल्या साडेचार हजारांहून थोड्या जास्त बाळांत असा एक प्रसंग होता. इतक्या थोड्या आकड्यांवरून कुणालाच काही म्हणता येत नव्हतं. लस सर्रास दिली जाऊ लागली आणि बाहेरून नोंदी येऊ लागल्या. १९९९ च्या जुलैपर्यंत आतडं अडकल्याच्या १५ नोंदी जमल्या. फक्त १५. तेवढ्यावर लसीकरण थांबवण्याची सूचना निघाली, रीतसर अभ्यास झाला आणि ऑक्टोबरमध्ये लस मागे घेतली गेली. धोका साधारण १०,००० बाळांत एक-दोन इतका निघाला. त्यानंतर आलेल्या दोन नव्या लसींची चाचणी प्रत्येकी ६०,००० हून जास्त बाळांवर झाली, ती याच अनुभवामुळे. त्या लसी आज जगभर बाळांचे प्राण वाचवत आहेत. त्या १५ नोंदी पाठवणाऱ्यांपैकी कुणालाच आपल्यामुळे एवढं काही होईल असं वाटलं नसणार.

प्रश्न : ही पद्धत सुरू कशी झाली?

थॅलिडोमाइडमुळे. १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत हे झोपेचं औषध म्हणून विकायला आलं. ते निर्धोक समजलं जाई, चिठ्ठीशिवाय मिळे आणि गरोदरपणातल्या उलट्या-मळमळीसाठीही दिलं जाई. काही काळाने हातापायांची वाढच न झालेली बाळं जन्माला येऊ लागली. १९६१ च्या नोव्हेंबरमध्ये जर्मनीत डॉ. विडुकिंड लेंझ यांनी या औषधाकडे बोट दाखवलं. डिसेंबरमध्ये ऑस्ट्रेलियातून डॉ. विल्यम मॅकब्राइड यांनी वैद्यकीय नियतकालिकाला काही ओळींचं पत्र लिहून विचारलं की, असं आणखी कुणाला आढळलं आहे का? या औषधाने जगभरात १०,००० हून अधिक बाळं बाधित झाली. अमेरिकेत मात्र औषध नियामक संस्थेतल्या डॉ. फ्रान्सिस केल्सी यांनी पुरेशी माहिती मिळेपर्यंत परवानगी द्यायचं नाकारलं होतं, म्हणून तिथे ते विक्रीला आलंच नाही.

मॅकब्राइड यांचा तो प्रश्न विचारायला तेव्हा ठरलेली जागा नव्हती. ती पुढे तयार झाली. १९६४ मध्ये ब्रिटनने डॉक्टरांना दुष्परिणाम कळवण्यासाठी पिवळं कार्ड काढलं. १९६८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने दहा देशांना घेऊन आंतरराष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. १९७८ पासून त्याचं काम स्वीडनमधल्या उप्साला शहरातून चालतं. आता दीडशेहून जास्त देश त्यात आहेत आणि त्यांच्या सामायिक संग्रहात ३ कोटींहून जास्त नोंदी आहेत.

प्रश्न : कळवू कोण शकतं? डॉक्टरच ना?

सुरुवातीला अनेक देशांत फक्त डॉक्टरांच्याच नोंदी घेतल्या जात. आता बहुतेक ठिकाणी परिचारिका, फार्मासिस्ट, रुग्ण स्वतः, रुग्णाचे नातेवाईक किंवा सांभाळणारी माणसं असं कुणीही कळवू शकतं. रुग्णांच्या नोंदींचं मोल वेगळंच असतं. डॉक्टर लिहितात "थकवा". तोच माणूस स्वतः लिहितो, "जिना चढताना मधल्या पायरीवर बसावं लागतं, आणि हे गोळी घेतल्यावर तासाभरात सुरू होतं." यातली दुसरी नोंद माझ्या जास्त उपयोगाची.

प्रश्न : कळवायचं कुठे?

तुमच्या देशाच्या औषध नियामक यंत्रणेकडे किंवा तिने नेमलेल्या निरीक्षण केंद्राकडे. बहुतेक ठिकाणी ऑनलाइन फॉर्म, छापील फॉर्म आणि फोन अशा सोयी असतात, काही ठिकाणी मोबाइल अ‍ॅपही असतं. डॉक्टरांना किंवा फार्मासिस्टना सांगून त्यांच्याकरवीही पाठवता येतं. औषधाच्या वेष्टनावर कंपनीचा संपर्क असतो, तिथे कळवलंत तरी कंपनीवर ती माहिती नोंदवण्याची आणि नियमांनुसार यंत्रणेकडे पोचवण्याची जबाबदारी असते. दोनदा कळवलं गेलं तर गोंधळ होईल अशी चिंता नको. एकाच घटनेच्या दोन नोंदी ओळखून जोडणं हा आमच्या कामाचाच भाग आहे. सोशल मीडियावर लिहून मन मोकळं होईल, पण ती नोंद झाली असं धरून चालू नका.

प्रश्न : नोंदीत नेमकं काय लागतं? फॉर्म पाहूनच घाबरायला होतं.

फॉर्म लांबलचक दिसतो, पण त्याशिवाय चालतच नाही अशा गोष्टी चारच आहेत. त्रास कुणाला झाला (नाव नको, नुसतं वय, लिंग किंवा आद्याक्षरं चालतात), कोण कळवतंय, कोणत्या औषधावर संशय आहे, आणि काय झालं. या चार गोष्टी असतील तर नोंद ग्राह्य धरली जाते. बाकीच्या रकान्यांत माहीत असेल तेवढं भरा आणि उरलेले रिकामे सोडा.

पण ग्राह्य नोंद आणि उपयोगी नोंद यांत फार अंतर असतं. "औषध घेतल्यावर खूप त्रास झाला, आता बरं आहे." अशी नोंद माझ्यासमोर आली की वाईट वाटतं. या माणसाने वेळ काढून, मनापासून कळवलं आहे, आणि मला त्यावरून काहीच करता येत नाही.

एका मुलीने आईबद्दल पाठवलेला वहीच्या पानाचा फोटो मात्र आजही माझ्या डोळ्यांसमोर आहे. पान चौकटीचं, अक्षर घाईतलं. "सकाळी ८ : अँटिबायोटिकची पहिली गोळी. ८.४० : तळहाताला खाज. ९ : ओठ जड झाले म्हणाली. ९.१० : डावा डोळा सुजून बंद. ९.३५ : दवाखान्यात इंजेक्शन. ११ : सूज अर्ध्यावर. संध्याकाळी ६ : डोळा पूर्ण उघडला. रक्तदाबाची गोळी सहा वर्षांपासून चालू, ती आज घेतली नव्हती." त्या शेवटच्या वाक्यासाठी मी तिला फोन करून आभार मानले. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही ओठ आणि चेहरा सुजतो. ती माहिती नसती तर संशय दोन औषधांमध्ये वाटला गेला असता.

तेव्हा जमलं तर हे लिहा : औषध कधी सुरू केलं आणि त्रास कधी सुरू झाला. किती मात्रा, दिवसातून किती वेळा आणि कशासाठी. सोबत चालू असलेली बाकीची सगळी औषधं, अगदी अधूनमधून घेतलेली डोकेदुखीची गोळीसुद्धा. औषध बंद केल्यावर त्रास कमी झाला का, आणि तेच औषध आधी किंवा नंतर कधी घेतलं असेल तर तेव्हा काय झालं. ही शेवटची गोष्ट फार बोलकी असते. मात्र ती तपासायला म्हणून पुन्हा औषध घेऊन पाहायचं नाही. दुसऱ्या खेपेची प्रतिक्रिया पहिल्यापेक्षा कितीतरी भयंकर असू शकते.

प्रश्न : बॅच नंबर कशाला हवा?

कारण कधीकधी दोष औषधात नसतो, त्या एका घाण्यात, म्हणजे एका वेळी बनवलेल्या मालात (बॅचमध्ये) असतो. २००७ च्या अखेरीस अमेरिकेत डायलिसिसवर असलेल्या मुलांना हेपॅरिनचं इंजेक्शन दिल्यावर चेहरा सुजणं, रक्तदाब कोसळणं असे प्रकार झाले. हेपॅरिन हे रक्त गोठू नये म्हणून देतात ते कित्येक दशकं वापरातलं, सरावाचं औषध. शोध घेता घेता २००८ च्या मार्चमध्ये उलगडा झाला की काही बॅचमध्ये हेपॅरिनसारखाच दिसणारा दुसरा पदार्थ मिसळलेला होता आणि नेहमीच्या चाचण्यांत तो पकडलाच जात नव्हता. लस, इन्सुलिन आणि जैविक इंजेक्शनं यांच्या बाबतीत तर बॅच नंबर नसलेली नोंद निम्मीच समजा.

फोनवर हा प्रश्न विचारला की स्ट्रिप शोधायची धांदल उडते. एक गृहस्थ हातात स्ट्रिप घेऊन चष्मा लावून मला वाचून दाखवत होते. नावाची शेवटची तीन अक्षरं आणि पुढे ५०० एवढंच उरलं होतं. बॅच नंबर ज्या कडेला छापलेला होता, तिथूनच त्यांनी गोळ्या कापायला सुरुवात केली होती. "आधी कुणी सांगितलं असतं तर दुसऱ्या टोकाने कापल्या असत्या हो," असं ते दोनदा म्हणाले. म्हणून इथे सांगून ठेवते. नाव, बॅच नंबर आणि एक्सपायरी छापलेली कड शेवटपर्यंत राखा. नवं औषध आणलं की त्याच दिवशी स्ट्रिपच्या मागच्या बाजूचा एक फोटो काढून ठेवा.

प्रश्न : माहितीपत्रकात आधीच लिहिलेला त्रास झाला. तो कळवण्यात काय अर्थ?

अर्थ आहे. पत्रकात "क्वचित" असं लिहिलेलं असतं तेव्हा त्यामागे आकडा असतो : १,००० ते १०,००० लोकांत एक. "सर्वसाधारण" म्हणजे १०० लोकांत एक ते दहा. हे आकडे बहुधा चाचण्यांतून आलेले असतात आणि प्रत्यक्ष वापरात ते बदलू शकतात. कुणाला होतो, किती दिवसांनी होतो, किती काळ टिकतो, हे तपशीलही नोंदींतूनच सुधारत जातात. तरी वेळ थोडाच असेल, तर प्राधान्य कशाला द्यायचं तेही सांगते : पत्रकात नसलेला त्रास, कोणताही गंभीर त्रास आणि नुकत्याच बाजारात आलेल्या औषधाचा कोणताही त्रास. युरोपात अशा जास्त लक्ष ठेवायच्या औषधांच्या पत्रकावर २०१३ पासून उलटा काळा त्रिकोण छापतात.

प्रश्न : माझा त्रास किरकोळ आहे.

कॅप्टोप्रिल, एनालाप्रिल या गटातल्या रक्तदाबाच्या गोळ्यांनी कित्येकांना कोरडा खोकला येतो. घशात सतत काहीतरी टोचतंय असं वाटतं आणि रात्री झोपू देत नाही. औषधं बाजारात आली तेव्हा या खोकल्याकडे कुणाचं फारसं लक्ष गेलं नव्हतं. रुग्ण खोकल्याचं औषध घेत राहिले, छातीचे एक्स-रे काढत राहिले. पुढे नोंदी साचल्या आणि कारण कळलं : या गोळ्यांमुळे शरीरात ब्रॅडिकायनिन नावाचं द्रव्य साचतं. आज नुसतं खोकल्याचं नाव काढलं तरी डॉक्टर गोळी बदलून देतात. किरकोळ त्रासही महिनोन्महिने सोसावा लागला तर किरकोळ राहत नाही, आणि वैतागून माणूस औषधच सोडून देतो.

प्रश्न : गंभीर कशाला म्हणायचं?

"तीव्र" आणि "गंभीर" हे आमच्या भाषेत वेगळे शब्द आहेत. डोकं भयंकर दुखलं आणि तासाभरात थांबलं, तर तो तीव्र त्रास. मृत्यू, जिवाला धोका, रुग्णालयात दाखल व्हावं लागणं किंवा तिथला मुक्काम लांबणं, कायमचं अपंगत्व, बाळात जन्मजात दोष, आणि यातलं काही होऊ नये म्हणून तातडीने उपचार करावे लागणं, हे गंभीर.

प्रश्न : त्रास सुरू झाला. औषध लगेच बंद करू का?

आधी हे पाहा : श्वास घ्यायला त्रास, घसा-जीभ-ओठ सुजणं, तोंडात फोड येऊन अंगाची साल निघू लागणं, डोळे पिवळे दिसणं, काळी शी, झटके, शुद्ध हरपणं. यातलं काहीही असेल तर हे पान बंद करा आणि ताबडतोब रुग्णालय गाठा, औषधाची स्ट्रिप सोबत न्या. कळवणं नंतर होईल.

एवढं गंभीर नसेल, तर बंद करण्याआधी डॉक्टरांना किंवा फार्मासिस्टना विचारा. फिटची औषधं, बरेच दिवस चाललेली स्टेरॉइड्स, बीटा ब्लॉकर (हृदयाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्यांचा एक गट), काही मानसिक आजारांवरची औषधं एकाएकी सोडली तर मूळ त्रासापेक्षा मोठं संकट ओढवतं. कळवण्यासाठी औषध बंद केलेलं असावं लागत नाही.

प्रश्न : मी कळवलं तर डॉक्टरांना राग येईल का?

हा प्रश्न लोक आवाज खाली आणून विचारतात. कळवणं म्हणजे तक्रार नव्हे. फॉर्ममध्ये कुणाची चूक झाली असा रकाना नसतो आणि बहुतेक दुष्परिणाम कुणाच्याही चुकीशिवाय होतात. योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य रुग्ण, तरीही त्रास झाला, असंच सहसा असतं. शक्य असेल तर डॉक्टरांना सांगूनच कळवा, म्हणजे तुमच्या कागदावर "हे औषध देऊ नये" अशी नोंदही होईल.

डॉक्टर स्वतः का कळवत नाहीत, हे मलाही पुष्कळ वर्षं कोडं होतं. २००६ मध्ये ३७ अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा त्यांतलं न कळवण्याचं मधलं प्रमाण ९४ टक्के निघालं. म्हणजे शंभरातले चौऱ्याण्णव दुष्परिणाम कुठेच पोचत नाहीत. कारणं माणसाचीच आहेत : वेळ नाही, "हे तर सगळ्यांना माहीत आहे", "चुकीचं ठरलं तर?", "आपल्यावर येईल". यातल्या कुठल्याच कारणात वाईट हेतू नाही. म्हणून तर रुग्णांनीही कळवावं असं मला इतक्या तळमळीने वाटतं.

प्रश्न : माझं नाव कुठे जाहीर होईल का?

नाही. रुग्णाची ओळख गोपनीय ठेवली जाते आणि आंतरराष्ट्रीय संग्रहात नाव जात नाही. तुमचा फोन किंवा ईमेल घेतला जातो तो शंका विचारण्यापुरता. तो द्या, अशी माझी विनंती आहे. अर्ध्या नोंदी एका फोनने पूर्ण होतात.

प्रश्न : वनौषधी, व्हिटॅमिनच्या गोळ्या, मलम, डोळ्यांत घालायचे थेंब, लस यांचंही कळवायचं?

हो, सगळ्यांचं. "नैसर्गिक आहे" म्हणून कुणी घेतलेली पावडर फॉर्ममध्ये लिहीत नाही आणि नेमकी तीच रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर घेतलेली असते.

प्रश्न : चुकून दुप्पट गोळी घेतली, किंवा औषध लागूच पडलं नाही. हेही?

दोन्ही कळवा. दोन वेगळ्या औषधांची खोकी सारखी दिसतात म्हणून गोळी चुकली असेल, तर तीच चूक आणखी लोक करत असणार, आणि खोक्याचा रंग किंवा नाव बदलणं हा त्यावरचा खरा उपाय असतो. एरवी हमखास लागू पडणारं औषध अचानक निकामी ठरलं, तर बनावट किंवा खराब मालाचा संशय घ्यायला जागा असते.

प्रश्न : गरोदरपणात औषध घेतलं गेलं, पण त्रास काहीच झाला नाही.

तरीही सांगा. गरोदर स्त्रियांवर चाचण्या फारशा होत नाहीत, त्यामुळे काय सुरक्षित आहे हे कळायला "काही झालं नाही" अशाही नोंदी लागतात. त्यांच्यासाठी काही ठिकाणी वेगळी नोंदवही असते.

प्रश्न : कळवल्यानंतर माझ्या नोंदीचं काय होतं?

पोच मिळते, बहुधा एका क्रमांकासह. मग नोंद वाचणारा माणूस तुमच्या शब्दांना ठरलेल्या वैद्यकीय संज्ञा देतो, म्हणजे "अंगावर गांधी उठल्या" ही मराठीतली नोंद आणि दुसऱ्या देशातली त्याच त्रासाची नोंद एकाच खणात पडते. संबंध किती शक्य आहे हे ताडून पाहिलं जातं : निश्चित, बहुधा, शक्य, संभव कमी, अशा पायऱ्या आहेत. मग नोंद राष्ट्रीय संग्रहात आणि तिथून उप्सालाला जाते. तिथे संगणक अखंड ताळा घेत असतो की या औषधाच्या नोंदींत हा त्रास इतर औषधांच्या मानाने जास्त दिसतोय का? जास्त दिसला तर तो "संकेत". संकेत म्हणजे निकाल नव्हे. तिथून पुढे तज्ज्ञ एकेक नोंद काढून वाचतात आणि गरज असेल तर वेगळा अभ्यास होतो.

शेवटी बहुतेक वेळा औषध बंद होत नाही. पत्रकात इशारा येतो, मात्रा बदलते, विशिष्ट रुग्णांना देऊ नये असं ठरतं, किंवा आधी तपासणी करायचा नियम येतो. फिटवरच्या कार्बामाझेपिनने काही लोकांची त्वचा भाजल्यासारखी सोलून निघते. २००४ मध्ये तैवानमधल्या संशोधकांनी असा त्रास झालेले ४४ रुग्ण तपासले. त्या सर्वांच्या शरीरात एकच विशिष्ट जनुकीय खूण सापडली. आता आशियाई वंशाच्या अनेक रुग्णांना हे औषध देण्याआधी ती रक्ततपासणी करायला सांगतात. ज्यांच्यात ती खूण निघते त्यांना दुसरं औषध मिळतं, बाकीच्यांना हेच.

तुम्हाला वैयक्तिक निकाल मात्र कळवला जाईलच असं नाही, आणि उपचाराचा सल्लाही इथून मिळत नाही. याची अनेकांना खंत वाटते, आणि ती मला समजते.

प्रश्न : एखाद्या औषधाच्या नोंदी फार दिसतात. म्हणजे ते औषध वाईट?

तसं म्हणता येत नाही. जे औषध लाखो लोक घेतात त्याच्या नोंदी जास्तच येणार. बातमी छापून आली की नोंदींचा पूर येतो. औषध किती जणांनी घेतलं हा भागाकारातला खालचा आकडा या संग्रहात नसतो, त्यामुळे दोन औषधांच्या नोंदी नुसत्या मोजून तुलना करू नका, आणि त्या आकड्यांना घाबरून चालू गोळी तर मुळीच सोडू नका.

प्रश्न : गोष्ट फार जुनी आहे. आता कळवून उपयोग?

आहे. बॉस्टनमध्ये तरुण मुलींना योनीमार्गाचा एक अतिशय दुर्मीळ कर्करोग झाल्याचं डॉक्टरांना आढळलं, जो त्या वयात सहसा दिसतच नाही. कारण सापडेना. त्या मुलींपैकी एकीच्या आईने डॉक्टरांना विचारलं, "ही पोटात असताना मी गर्भ टिकावा म्हणून एक औषध घेत होते, त्याचा तर संबंध नसेल?" मग बाकीच्या आयांनाही विचारलं गेलं. १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आठ मुलींपैकी सात जणींच्या आयांनी ते औषध, डाय-इथिल-स्टिलबेस्ट्रॉल, घेतलेलं निघालं. आईने गोळी घेतल्याला तेव्हा पंधरा ते बावीस वर्षं उलटून गेली होती.